हातभर आतडं

कारखान्यात तिला सगळे ‘मास्तर’ म्हणत. कटिंग मास्तर म्हणजे पुरुषच, अशी समजूत असलेल्या धंद्यात ती शिरली, टिकली, आणि मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला त्याच नावाने हाक मारू लागले. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे गणवेश शिवायचा तो कारखाना. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि त्या रेघेवरून मशीनचं पातं फिरवायचं. रेघ चुकली की ढीगभर बाह्या वाया. त्यामुळे तिचा हात चुकत नसे आणि तोंड थांबत नसे. ती चिडायची, बोलायची आणि मोकळी व्हायची. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शांत माणूस. तो म्हणायचा, हिचा राग म्हणजे कढईतलं तेल, तडतडतं फार, पण खालचा जाळ काढला की निवतं.

पण त्या वर्षीचा राग निवला नाही.

सुरुवात पोटदुखीने झाली. टेबलाशी उभी असतानाच बेंबीच्या मागे कुणीतरी पीळ घालतंय असं तिला वाटलं. गल्लीतल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, गॅस आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. दुखणं वाढलं म्हणून ती परत गेली, तर त्याने विचारलं, घरी काही टेन्शन आहे का. शेवटी नवऱ्याने तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती शुद्धीत नव्हती. लहान आतडं स्वतःभोवतीच गुंडाळलं गेलं होतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. जे काळं पडलं होतं ते सगळं सर्जनने कापून काढलं. उरलेल्या आतड्याचं टोक पोटावर भोक पाडून बाहेर आणलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली. जे काही खाल्लं-प्यायलं जाई त्यातलं न शोषलेलं त्या पिशवीत येई.

शुद्ध आल्यावर सर्जन तिच्या खाटेपाशी आला आणि म्हणाला, आतड्याचा थोडा भाग काढावा लागला.

“उरलं किती?” तिने विचारलं.

“हातभर.”

“कुणाचा हात?”

सर्जनने तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत आपला हात पुढे केला आणि म्हणाला, एवढं, आणि वर वीतभर. मुळात किती होतं, असं तिने विचारल्यावर तो जरा घुटमळला. माझ्या उंचीच्या तिप्पट धरा, म्हणाला.

“मग याला थोडा म्हणतात?”

ती ओरडली नव्हती, ओरडायला अंगात ताकदच नव्हती. पण पडद्यापलीकडची नर्स काम सोडून आत आली. सर्जन स्टूल ओढून बसला. चुकलं माझं, म्हणाला, आणि त्याने सगळं नीट सांगितलं. मोठं आतडं शाबूत होतं, पण सध्या ते जोडलेलं नव्हतं. जखमा भरल्या, अंगात जोर आला, की काही महिन्यांनी दोन्ही टोकं परत जोडता येतील. तोवर या हातभर आतड्यावर निभवायचं.

कसं निभवायचं ते आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. त्या बाई बोलायला स्पष्ट होत्या, म्हणून मास्तरला आवडल्या. त्यांनी सांगितलं की आतडं म्हणजे नुसती नळी नाही. आतून ते टॉवेलसारखं असतं, असंख्य बारीक तंतूंनी भरलेलं. चादरीपेक्षा टॉवेल जास्त पाणी का पितो हे तुम्हाला मी सांगायला नको. खाल्लेल्या अन्नाचे बारीक बारीक कण त्या तंतूंतून रक्तात जातात. तुमच्याकडे टॉवेलचा आता तुकडाच राहिलाय, तेव्हा खायचं जास्त, थोडं थोडं, दिवसभर. आणि जेवणाआधी आतड्याची चाल मंदावणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, म्हणजे अन्नाला आत रेंगाळायला वेळ मिळेल.

“आणि पाणी?”

तिथे बाई थांबल्या. हे नीट ऐका, म्हणाल्या. पाणी आपण होऊन अंगात जात नाही. ते मिठाच्या मागे जातं. आणि मीठ आत शिरतं ते साखरेचा हात धरून. म्हणून ठरलेल्या मापाने केलेलं मीठ-साखरेचं पाणी दिवसभर घोट घोट घ्यायचं. साधं पाणी अगदी कमी. धडधाकट माणसाला साध्या पाण्याने काही होत नाही, त्याचं लांबलचक आतडं ते सावरून घेतं. तुमच्याकडे वरचाच तुकडा आहे. त्यात साधं पाणी पडलं की अंगातलं मीठ उलट आतड्यात उतरतं आणि त्याच्या मागोमाग पाणीही. एक पेला प्यालात तर दीड पेला पिशवीत येईल. जितकं प्याल तितक्या सुकाल.

मास्तरने ते ऐकलं आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, ऐकलंत ना? त्याने मान हलवली.

ती घरी आली त्याच दिवशी तिची थोरली बहीण बॅग घेऊन दारात उभी राहिली. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच तिला वाढवलं होतं, वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत. आता तू फक्त पडून राहा, असं म्हणून ताईने कमरेला पदर खोचला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दोन दिवसांत घर आरशासारखं झालं. शेजारणी म्हणायला लागल्या, बहीण असावी तर अशी.

ताईचा एकच शत्रू होता, तो म्हणजे मीठ. भाऊजींचं ब्लडप्रेशर एकेकाळी आटोक्यात येत नव्हतं. ताईने घरातलं मीठ जवळजवळ बंद केलं, भाऊजींचं रडगाणं कानामागे टाकलं आणि दोन वर्षांत त्यांच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. डॉक्टरने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तेव्हापासून ताई ज्याच्या-त्याच्या ताटात डोकावून सांगत असे, मीठ म्हणजे पांढरं विष. आणि इथे तिची लाडकी धाकटी बहीण, हाडांचा सापळा झालेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाटलीभरून मिठाचं पाणी पितेय. ताईला ते बघवेना. तिने कुणाला विचारलं नाही. आधी मीठ निम्मं केलं. मग चिमूटभर. मग चव बदललेली कळू नये म्हणून त्यात संत्र्याचा रस पिळायला लागली, आणि शेवटी मीठ टाकणंच सोडून दिलं. भाजीतलंही तसंच कमी कमी होत गेलं.

मास्तरला वाटलं, आपल्याला त्या पाण्याची सवय झाली, आता ते तितकं खारट लागत नाही. ती बिचारी नेमाने तेच पीत राहिली. साध्या पाण्याला तिने हात लावला नाही. आणि तरी तिची जीभ टाळूला चिकटायला लागली. पिशवी भरभरून वाहायला लागली. दोन माणसांचं खाऊनही गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ताई म्हणायची, पी, अजून पी, किती कोमेजलीस. आणि स्वतःच्या हाताने पेला तोंडाला लावायची.

त्यात तिचा राग वाढला. पडदा नीट ओढला नाही म्हणून ती चिडे, चमचा वाजला म्हणून चिडे. पण याहून मोठी गोष्ट अशी की ती कारणाने चिडली तरी कुणी कारण ऐकत नसे. काहीतरी चुकतंय, पिशवी एवढी का भरतेय, असं ती म्हणाली की ताई आणि नवरा एकमेकांकडे बघत. अशक्तपणामुळे चिडचिड होतेच, असं ताई हळू आवाजात म्हणे, जसं काही मास्तरचे कानही कापून काढले होते. आपण बोललेल्या प्रत्येक शब्दाला हे लोक आजार समजतात, या गोष्टीने तिचं पित्त खवळायचं. आणि पित्त खवळलं की ते म्हणत, बघा, पुन्हा सुरू झालं.

नवऱ्याला खरं काय ते माहीत होतं. एका सकाळी डबा घ्यायला तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा ताई बाटली भरत होती. मिठाची बरणी फळीवर तशीच होती. मीठ राहिलं का, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, “तुम्ही चष्मे बघा. माझ्या बहिणीचं मी बघते.” तो डबा घेऊन कामावर गेला. त्याला आहारतज्ज्ञ बाईंचं बोलणं आठवत होतं. पण ताईने घर सावरलं होतं, ताई थोरली होती, ताईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तो गप्प बसला, आणि एकदा गप्प बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी काय तोंडाने बोलणार.

घरात जीव घुसमटायला लागला तसं मास्तरने कारखान्यात जायचं ठरवलं. कापायचं नाही, नुसतं आखायचं, तेही दुपारपर्यंतच, असं मालकाशी बोलणं झालं. ताईने बरोबर बाटली दिली, संत्र्याचा रस घातलेल्या त्याच पाण्याची. कारखान्यातल्या बायकांनी तिच्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं. पहिले काही दिवस बरे गेले. खडू हातात आला की तिला आपण पुन्हा कुणीतरी आहोत असं वाटे.

मग एका सकाळी कापडाचं एक टोक नीट करायला तिने कात्री उचलली आणि तिची बोटं मिटली ती मिटलीच. अंगठा तळहातात वळला, मनगट वाकडं झालं, बोटं कात्रीच्या कड्यांत अडकून राहिली. तिने दुसऱ्या हाताने बोटं उघडायचा प्रयत्न केला तर तोही हात तसाच आखडला. ती हाताकडे बघत राहिली. इस्त्रीवाली धावत आली आणि तिने एकेक बोट सोडवून कात्री काढली. तेवढ्यात मास्तर कोसळली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, नाडी लागत नव्हती. मालकाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं.

सलाईन लावल्यावर संध्याकाळपर्यंत ती बोलण्याइतकी झाली. वॉर्डातला तरुण डॉक्टर तपासणीचे निकाल घेऊन आला. मूत्रपिंडांवर ताण आला होता. लघवीत मीठ जवळजवळ नव्हतंच, म्हणजे शरीर मिठाचा कण न् कण धरून ठेवत होतं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मीठ-साखरेचं पाणी घेत नाही ना तुम्ही, म्हणाला. घेते, ती म्हणाली. तो हसला, म्हणाला, सगळे असंच सांगतात, चव आवडत नाही म्हणून टाळतात, आणि मग आमच्याकडे येतात. साधं पाणी पीत असाल ढसाढसा.

आता मात्र तिचा तोल गेला. उठून बसता येत नव्हतं, ती पडल्या पडल्याच बोलली. आवाज फाटका होता.

“मी रोज पिते. घोट घोट पिते. एक दिवस चुकवला नाही. तहानेने घसा फाटला तरी साध्या पाण्याला शिवले नाही. गॅस आहे म्हणाला तो पहिला डॉक्टर, तेव्हा मी सांगत होते की हे वेगळं आहे. घरी सांगते तर म्हणतात चिडचिड आहे. इथे सांगते तर तुम्ही मला खोटी ठरवता. मी मेल्यावर कुणी माझं खरं धरणार आहे का?”

डॉक्टर काहीतरी बोलायला गेला. त्याआधी खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला नवरा बोलला. खाली बघूनच बोलला.

“ती पिते. ती खरं सांगतेय. घरात त्या पाण्यात मीठच टाकत नाहीत.”

मास्तरने त्याच्याकडे मान वळवली. तिला आधी अर्थ लागला नाही. मग संत्र्याची चव आठवली.

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

तो खाटेवरची चादर सारखी करायला लागला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. तरुण डॉक्टर माफी मागून गेला, ती तिने ऐकली की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. हातात सुपाचा थर्मास, डोळे रडून सुजलेले. आल्या आल्या तिने मास्तरच्या कपाळावरून हात फिरवला. मास्तरने तो बाजूला केला, आणि सुपात मीठ आहे का, असं विचारलं. ताई म्हणाली, तुझ्या भाऊजींना मी मिठाशिवायच जगवलं. तुला माहीत नाही का मीठ काय करतं ते? ती सांगत राहिली. भाऊजींचे आकडे, डॉक्टरने केलेलं कौतुक, फोनवर आलेले व्हिडिओ. मी काय तुझं वाईट चिंतीन का? लहानाची मोठी केली मी तुला.

“भाऊजींचं आतडं अख्खं आहे,” मास्तर म्हणाली. “माझं हातभर आहे. हे मी तुला सांगितलं होतं. त्या बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं होतं.”

“मला वाटलं, तू घाबरलीस म्हणून—”

“तुला वाटलं. मला विचारलंस का? मीठ काढलं, हे मला सांगितलंस का? रस घालून लपवलंस. लपवलंस म्हणजे तुला माहीत होतं की मी नाही म्हणेन.”

ताई रडायला लागली. एरवी ताई रडली की मास्तर विरघळायची, पण त्या दिवशी तिचे डोळे कोरडेच राहिले. डोळ्यांत यायला अंगात पाणीच फारसं नव्हतं.

“मी मेले असते ना ताई, तर तू सगळ्यांना सांगितलं असतंस की मी तिचं किती केलं. आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. मला याचाच राग येतो. माझ्या मरणाचंही कौतुक तुझं झालं असतं.”

ताई उठली. थर्मास तिथेच राहिला. दारात थांबून म्हणाली, एवढं बोलशील असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी ती बॅग भरून आपल्या घरी गेली.

आहारतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. आपल्या पोटात नुसतं प्यालेलं पाणी नसतं, म्हणाल्या. लाळ, जठरातला रस, पित्त, असं आपण पितो त्याच्या कितीतरी पट अंगातूनच आतड्यात पाझरतं. धडधाकट माणसाचं आतडं ते जवळजवळ सगळं परत घेतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. हिचं ते सगळं वाहून जातं. त्यातलं मीठ रोजच्या रोज भरून काढलं नाही, तर ही तुमच्या डोळ्यांदेखत आटेल. आटलीच होती. हात वळले ते अंगातले क्षार संपले म्हणून. त्याने सगळं ऐकलं आणि माप पुन्हा विचारून घेतलं.

घरी आल्यावर रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो ते पाणी करायचा. मास्तर स्टुलावर बसून त्याचे हात बघायची, मग एक घोट चाखायची. खारट लागलं की मान हलवायची, बोलायची मात्र नाही. तो रोज तिच्या बाजूला उभा राहून ती मान हलण्याची वाट बघायचा. त्याला वाटत होतं ती कढईतल्या तेलासारखी तडतडेल आणि निवेल. पण ती तडतडतच नव्हती. कित्येक आठवडे असे गेले. शेवटी तोच एकदा म्हणाला, काहीतरी बोल, शिव्या दे. ती म्हणाली, “ताईला मीठ विष वाटत होतं. तुम्हाला तसं वाटत नव्हतं. तुम्हाला सगळं कळत होतं.” तो खाली बसला, जमिनीवरच. त्या दिवशी तो कामावर गेला नाही आणि तीही त्याला जा म्हणाली नाही. दुपारी दोघांनी बटाटे उकडले आणि मीठ लावून खाल्ले. तिथून पुढे ते कामापुरतं बोलायला लागले, आणि मग हळूहळू कामापलीकडचंही.

पिशवीत येणारं पाणी कमी आणि घट्ट झालं. गालांवर थोडं मांस आलं. जोर आल्यावर सर्जनने दुसरं ऑपरेशन केलं आणि हातभर आतड्याचं टोक मोठ्या आतड्याला जोडलं. पिशवी गेली. जे पाणी वरच्या तुकड्याला धरता येत नव्हतं ते आता मोठं आतडं ओढून घेत होतं, आणि न पचलेल्या अन्नातूनही थोडी ताकद काढत होतं. पूर्वीसारखं होणार नाही, असं सर्जन म्हणाला. जास्त खावं लागेल, गोळ्या राहतील, काही जीवनसत्त्वांची इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतील. ‘थोडा’ हा शब्द त्याने या वेळी वापरला नाही. ती हो म्हणाली आणि कधी कापायला उभी राहू शकेन ते तिने विचारलं.

त्या ऑपरेशनच्या वेळी ताई आली होती. भाऊजींना घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आत आली नाही. मास्तरला हे नंतर कळलं. तिने काही विचारलं नाही, पण घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, ताईला यायचं असेल तर येऊ दे. मात्र स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

आणि तसंच झालं. ताई आता दर आठवड्याला येते आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसते. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातही पहिली धाव चुलीकडे घेतली, ती हात मांडीवर ठेवून बसते, आणि ते तिला किती जड जातं हे मास्तरला दिसतं. दिसतं म्हणून ती विरघळत नाही. मागच्या वेळी बोलता बोलता सवयीने ताई उठली, चहा मी टाकते म्हणाली.

“बस,” मास्तर म्हणाली.

ताई बसली. चेहरा लाल झाला होता. नवरा आत गेला आणि चहा घेऊन आला. तिघांनी तो प्यायला. मग ताईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, साखर कमी आहे.

“आहे तेवढीच आहे.”

ताईने नाक मुरडलं. मास्तरने रिकामे कप गोळा केले, आत नेऊन विसळले, आणि बाहेर येऊन विचारलं की भाऊजींचे गुडघे कसे आहेत. ताई सांगायला लागली. ती बराच वेळ सांगत होती, डॉक्टरला काय कळत नाही ते, आणि गुडघ्यांना काय लावायला हवं ते. मास्तर ऐकत होती. मध्येच ती एवढंच म्हणाली, “लावायच्या आधी भाऊजींना विचार.” ताईने पदर सारखा केला. रागावलीही असेल. पण अंधार पडायला लागेपर्यंत ती उठली नाही.